आंबट-गोडाचा हिशोब

व्हाइट वाइनच्या बाटलीवर मागे 'बॅलन्स्ड', 'एलिगंट' असं काहीबाही छापलेलं असतं. म्हणजे नक्की काय हो? आमच्या ऑफिसात विचाराल तर उत्तर येईल, "महाग आहे" :)

मला हे समजलं ते मामांमुळे. मामा माळकरी, आयुष्यात दारूचा थेंब नाही. पण निफाड तालुक्यात त्यांची दोन एकर शेनिन ब्लांकची बाग आहे आणि सगळा माल वायनरीला जातो. शेनिन मूळचं फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातलं. तिकडे तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. आपल्याकडे एप्रिलात खरड छाटणी, पाऊस सरता सरता गोडी छाटणी आणि तोडणी जानेवारी ते मार्च.

खरी गोम तोडणीच्या तारखेत आहे. द्राक्ष पिकतं तशी साखर चढते आणि आंबटपणा उतरतो. ऊन तापलं की तो आणखीच भरभर जातो, रात्री गार असल्या की टिकतो. लवकर तोडलं तर वाइन दात आंबवते. उशीर झाला तर लिंबू पिळायचं राहिलेलं सरबत!

गेल्या फेब्रुवारीत मी तिथेच होतो. वायनरीचा माणूस रिफ्रॅक्टोमीटरवर साखर बघून गेला. मामांनी मणी तोंडात टाकला, बी चावून बघितली आणि म्हणाले, "अजून चार दिवस." वर ढग आलेले, वर्षाची कमाई वेलीवर. मी म्हटलं, "मामा, पाऊस आला तर?"

"आला तर आला. बी अजून हिरवी आहे."

सुदैवाने ढग नुसतेच फिरून गेले.

परवा त्याच वायनरीची शेनिन आणली. फ्रीजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवा, फार गार असली तर वासच येत नाही. आधी पेरूचा वास. मग जिभेवर किंचित गोड, आणि लगेच मागून आंबट येऊन तोंडाला पाणी सुटतं. चांगल्या आमटीत चिंच-गूळ वेगळे काढता येत नाहीत ना, तस्सं. कोणीच पुढेपुढे करत नाही. घोट संपतो, तोंड स्वच्छ, पुन्हा ग्लासकडे हात. बॅलन्स म्हणतात तो हाच.

फोनवर मामांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "थोडं आंबट राहिलंय ना?"

म्हटलं, "राहिलंय."

"मग झालं तर," म्हणाले, आणि आईची तब्येत विचारायला लागले.