एक-तीन, दोन-सहा

घरात पहिला कम्प्युटर आला त्या दिवसाच्या आठवणी सगळ्यांकडे आहेत. हळदीकुंकू, नारळ, मॉनिटरवर घातलेलं क्रोशाचं झाकण, चपला बाहेर काढूनच खोलीत जायचं हा नियम. मला सांगायचं आहे ते दुसऱ्या कम्प्युटरबद्दल. पहिला आला तो घराचा मान म्हणून. दुसरा आला तेव्हा आम्हा पोरांपुढे खरा प्रश्न उभा राहिला, की आता या दोघांची गाठ कशी घालून द्यायची.

गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या कामठा गावात माझ्या पिढीला हा प्रश्न २००२ नंतरच्या चार-सहा वर्षांत पडला. हा जिल्हा तेव्हा नवा होता, १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झालेला. सरकारी नोकरीचा अर्ज करायचा तर एमएस-सीआयटी हा कम्प्युटरचा कोर्स हवा, म्हणून मोठ्या भावंडांनी तो केला आणि त्या निमित्ताने घरात कम्प्युटर शिरला. मग कोणी नागपूरला इंजिनिअरिंगला गेलं, कोणी गोंदियाला पॉलिटेक्निकला. होस्टेल सुटलं की तिथला सीपीयू गोणपाटात बांधून पॅसेंजरने गोंदियाला आणि तिथून काळीपिवळीने गावात यायचा. अशा रीतीने एका आवारात दोन यंत्रं झाली. एक आमच्या ओसरीलगतच्या खोलीत, दुसरं मोठेबाबांच्या, म्हणजे थोरल्या काकांच्या, घरात, धानाच्या हिशेबाच्या टेबलावर. मधे एक अंगण, एक न्हाणीघर आणि कवेलूंचं एक छप्पर. ब्रिटिशांनी १९४० साली बांधलेली बिरसीची धावपट्टी गावाच्या शेजारीच होती, पण एक गाणं त्या खोलीतून या खोलीत आणायचं तर आमच्याकडे साधन नव्हतं.

साधन म्हणजे फ्लॉपी, आणि फ्लॉपीत मावायचे १.४४ एमबी. एक एमपीथ्री गाणं चार-पाच एमबीचं, म्हणजे एका फ्लॉपीत एक गाणंसुद्धा नाही. फाइलचे तुकडे करायचे, एकेका तुकड्याला क्रमांक द्यायचा आणि पलीकडे नेऊन जोडायचे. शेवटचीच फ्लॉपी खराब निघाली की आधीच्या सगळ्या वाया. ७०० एमबीची एक सीडी फ्लॉप्यांवर न्यायची तर पावणेपाचशेच्या वर फ्लॉप्या लागल्या असत्या. सीडी रायटर गोंदियाच्या दुकानात, पेनड्राइव्ह महाग. मग धीट पोरं कॅबिनेट उघडून हार्डडिस्कच काढायची आणि टॉवेलात गुंडाळून दुसऱ्या घरी न्यायची. घरातली मोठी माणसं हे बघून धास्तावायची, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं.

क्रॉस केबलची बातमी होस्टेलवरून आली. दोन कम्प्युटर थेट जोडता येतात, मधे त्यांना जोडणारा हब नको, स्विच नको. फक्त दोन लॅन कार्डं आणि एक वेगळ्या पद्धतीने केलेली वायर. गोंदियाच्या बाजारात कॅट-५ वायर मीटरवर मिळायची. दुकानदार विचारायचा, "स्ट्रेट की क्रॉस?" आणि या प्रश्नाचं उत्तर देता येणं हीच आमच्यात हुशारीची खूण होती. ज्याच्याकडे वायरीला कनेक्टर दाबून बसवणारं क्रिंपिंग टूल होतं त्याचा तालुक्यात दबदबा असायचा.

त्या वायरीच्या पोटात आठ तारा असतात, दोन-दोनच्या पिळाने चार जोड्या. त्या काळच्या १० आणि १०० एमबीपीएसच्या कार्डांना त्यातल्या दोनच जोड्या लागत. कार्ड १ आणि २ क्रमांकाच्या पिनांवरून बोलतं, ३ आणि ६ वरून ऐकतं. कम्प्युटर हबला जोडला तर अडचण नाही, कारण हबच्या तोंडाशी ही बोलण्या-ऐकण्याची जागा आधीच उलटी केलेली असते. पण दोन कम्प्युटर साध्या वायरने समोरासमोर आणले, तर दोघंही एकाच तारेवर बोलतात आणि एकाच तारेवर कान देऊन बसतात. टेलिफोनचे दोन रिसिव्हर एकमेकांना चिकटवायचे तर एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाशी आलं पाहिजे. म्हणून एका टोकाला १ वर असलेली तार दुसऱ्या टोकाला ३ वर न्यायची आणि २ वरची ६ वर. एक-तीन, दोन-सहा. हा आमचा मंत्र होता.

व्यवहारात तो रंगांनी पाठ व्हायचा. एका टोकाला ऑरेंज-व्हाइट, ऑरेंज, ग्रीन-व्हाइट, ब्लू, ब्लू-व्हाइट, ग्रीन, ब्राऊन-व्हाइट, ब्राऊन. दुसऱ्या टोकाला ऑरेंज आणि ग्रीन या जोड्यांची अदलाबदल, बाकी तसंच. पाढ्यांसारखा हा क्रम आम्ही मोठ्याने म्हणायचो. पाचवी-सहावीतल्या धाकट्या बहिणीलाही तो ऐकून-ऐकून यायचा, आणि तारा सरळ रेषेत धरण्याचं काम तिच्या बारीक बोटांना आमच्यापेक्षा चांगलं जमायचं. आठही तारा पारदर्शक कनेक्टरच्या टोकापर्यंत पोचल्यात का, हे उजेडात धरून पाहायचं, मग टूल दाबायचं. तो "कट्" आवाज झाला की परत फिरता येत नसे. कनेक्टर एकदाच वापरता येतो.

वायर शंभर मीटरपर्यंत चालते, आमचं अंतर त्याच्या पावपटही नव्हतं. ती अंगणात पेरूच्या फांदीवरून, न्हाणीघराच्या भिंतीच्या कडेने आणि कवेलूंच्या खालून नेली. उंदरांसाठी काही भाग जुन्या पाइपात घातला. मोठीआई वर बघत विचारायची, "हे कशाची तार लावून राहिले रे? करंट तर नाही लागणार ना?" करंट लागणार नाही हे तिला पटवण्यात जेवढा वेळ गेला तेवढा वायर ओढण्यात गेला नाही.

मग दोन्ही कम्प्युटरांना नंबर, म्हणजे आयपी पत्ते, द्यायचे. हे नंबर वाटायला कोणी राउटर नव्हता, आपणच आपल्या हाताने लिहायचे. इकडे १९२.१६८.०.१, तिकडे १९२.१६८.०.२, दोन्हीकडे वर्कग्रुपचं नाव सारखं. काळ्या खिडकीत पिंग टाइप करायचं आणि एंटर. आधी "रिक्वेस्ट टाइम्ड आउट". अंगणातून आरोळी, "तिकडचा फायरवॉल बंद कर!" आणि मग एकाखाली एक चार ओळी: रिप्लाय फ्रॉम १९२.१६८.०.२. अंगण ओलांडून उत्तर आलं होतं. इंटरनेट नव्हतं, कोणाची परवानगी लागली नव्हती, महिन्याचं बिल नव्हतं. दोन घरांमधलं नेटवर्क आम्ही स्वतः उभं केलं होतं आणि त्याची प्रत्येक तार कुठून कुठे जाते हे आम्हाला माहीत होतं.

त्या वायरीवरून काय-काय गेलं! पहिल्यांदा फॉन्ट गेले, हे आज कोणाला खरं वाटणार नाही. युनिकोड घराघरांत रुळायच्या आधी मराठी मजकूर क्रुतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप व्हायचा आणि ज्या कम्प्युटरवर तो फॉन्ट नाही तिथे इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा दिसायचा. मोठेबाबांच्या टेबलावर टाइप केलेली लग्नपत्रिका आमच्या खोलीत उघडली तर देवाच्या नावापासून सगळं अगम्य. फॉन्टचा फोल्डर वायरीवरून इकडे आणला, फाइल पुन्हा उघडली, आणि "श्री गणेशाय नमः" स्वच्छ उभं राहिलं. दोन यंत्रांना मराठी एकसारखी दिसू लागली ती तेव्हा.

पुढे प्रिंटर गेला, म्हणजे प्रिंटर जागेवरच राहिला आणि दोन्ही घरं त्यावर छापू लागली. आमच्या खोलीतून अर्जाचा हुकूम सुटायचा आणि मोठेबाबांच्या घरून हाक यायची, "कोणाचा कागद आला रे?" धान विक्रीचं टॅलीतलं खातं रात्री आमच्या डिस्कवर उतरवून ठेवायची पद्धत पडली. त्या वर्षांत दोन्हीकडच्या डिस्क एकाच वेळी कधी गेल्या नाहीत, त्यामुळे हिशेब वाचले. पूर्ण सीडीभर गाणी मिनिट-दोन मिनिटांत पलीकडे जायची. फ्लॉप्यांवर दिवस घालवलेल्या माणसालाच त्या मिनिटांचं मोल कळेल.

आणि दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे गावची जत्रा. गावात दंडारीचं लोकनाट्य, रात्री नाटक, आणि पाहुण्या भावंडांनी भरलेली घरं. क्रॉस केबलवर दोघंच खेळू शकतात, तिसऱ्याला जागा नसते. त्यामुळे एज ऑफ एम्पायर्सचा डाव लागला की एका खोलीत एक राजा आणि त्याच्यामागे निम्मी भावंडं सल्ला देत उभी, दुसऱ्या खोलीत तसंच. मधल्या अंगणातून धाकटे हेर धावायचे आणि पलीकडच्या पडद्यावर काय चाललंय ते सांगायचे. आज ऑनलाइन खेळणाऱ्या पोरांना प्रतिस्पर्धी कुठल्या देशातला आहे हेही कळत नाही. आम्हाला त्याच्या ओरडण्यावरून त्याचा किल्ला पडल्याचं आधी कळायचं.

या वायरीचा आणखी एक गुण होता. समोरचा कम्प्युटर बंद झाला की आपल्या पडद्याच्या कोपऱ्यातल्या दोन इवल्या मॉनिटरांवर लाल फुली यायची आणि फुगा सांगायचा की केबल काढलेली आहे. केबल तर जागेवरच असायची, फक्त पलीकडे कोणी उरलेलं नसायचं. भारनियमनाच्या त्या वर्षांत ही फुली फार दिसली. आमचा यूपीएस अजून टिकून असायचा आणि मोठेबाबांकडचा संपलेला. कधी रात्री फुली आली की समजायचं, चुलतभावाचा अभ्यास आटोपला, झोपला. त्याला विचारायला जावं लागत नसे.

पावसाळ्याची मात्र धास्ती होती. आमच्या भागात विजा फार, आणि दोन इमारतींमध्ये उघड्यावर तांब्याची तार असली की वीज कडाडताच झटका तिच्यावरून थेट लॅन कार्डापर्यंत पोचू शकतो. आभाळ भरून आलं की दोन्ही टोकं काढायची शिस्त घरातल्या बायकांनीही उचलली. वाळवण आत घेताना काकू तारही काढून ठेवायची.

हे संपलं ते हळूहळू. गिगाबिट कार्डं आली, ती चारही जोड्या वापरतात आणि कोणत्या तारेवर बोलायचं, कोणत्या तारेवर ऐकायचं हे आपसांत ठरवून घेतात. ह्यूलेट-पॅकार्डच्या अभियंत्यांनी काढलेली ही सोय पुढे बहुतेक यंत्रांत आली आणि स्ट्रेट-क्रॉसचा भेदच उरला नाही. मग पेनड्राइव्ह स्वस्त झाले, ब्रॉडबँडसोबत राउटर आले, फोन आले. सोय वाढली हे मला मान्य आहे. पण आज एका खाटेवर शेजारी बसलेली दोन माणसं एकमेकांना फोटो पाठवतात तेव्हा तो फोटो दूरच्या कुठल्या तरी सर्व्हरवर जाऊन परत येतो, आणि ते दोघांच्याही लक्षात येत नाही. आमचा फोटो पेरूच्या फांदीवरून जायचा. घरातली गोष्ट घरातच राहावी, असं यंत्राला सांगता येतं, हे त्या वर्षांनी आम्हाला शिकवलं, आणि ते शिक्षण जपावं असं मला मनापासून वाटतं.

त्या वेळचे सीपीयू अजून अनेक घरांत माळ्यावर आहेत. त्यांत लग्नांचे, बारशांचे, आता नसलेल्या माणसांचे फोटो आहेत, आणि हार्डडिस्क काही कायम टिकत नाही. म्हणून माझं भावंडांना सांगणं आहे, की येत्या मंडईला जमाल तेव्हा ते खाली उतरवा. आताच्या लॅपटॉपला लॅनची खाच असेल तर क्रॉस केबलही चालते आणि साधीही. फक्त फोल्डर शेअर करण्याची विंडोज एक्सपीतली जुनी पद्धत नव्या विंडोजने २०१७ पासून सुरक्षेसाठी मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली, म्हणून जुना सीपीयू दिसणार नाही. लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा, दोन्हीकडे हाताने नंबर लिहा, ती पद्धत तेवढ्यापुरती चालू करा, फोटो उतरवून घ्या आणि पुन्हा बंद करून टाका. त्या तारेवर दोघांशिवाय तिसरं कोणी नसतं, त्यामुळे बाहेरून कोणी शिरण्याची भीती नाही. सीपीयू चालूच झाला नाही, तर हार्डडिस्क काढा आणि आयडीई-यूएसबी कन्व्हर्टर लावून पाहा. टॉवेलात गुंडाळून आणा.