निळे कुत्रे आणि काळे-पांढरे सत्य

सामाजिक वास्तव टिपणारे छायाचित्रण कृष्णधवलच असावे, हा समज आमच्या पिढीत घट्ट रुजला. रंग म्हणजे जाहिरात, लग्नाचा अल्बम; सत्य मात्र काळे-पांढरे. वस्तुतः वर्तमानपत्रे दीर्घकाळ एकाच शाईत छापली जात आणि रंगीत फिल्म महाग होती. तंत्राच्या मर्यादेलाच आम्ही नीतिमत्तेचा दर्जा देऊन टाकला.

ह्या समजाला तळोज्याने तडा दिला. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीतील भटकी कुत्री निळी झाल्याची छायाचित्रे जगभर गेली. एका कारखान्यातील रंगद्रव्य त्यांच्या अंगावर चढले होते. बोभाटा झाल्यावर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखान्यावर कारवाई केली. तीच छायाचित्रे कृष्णधवल असती तर? रस्त्यावर उभे एक करडे कुत्रे, बस्स. तिथे रंग हा अलंकार नव्हता, साक्षीदार होता.

ह्याच्या दुसऱ्या टोकाला सुधारक ओलवे ह्यांनी टिपलेले मुंबई महापालिकेचे सफाई कामगार आहेत. कचऱ्याइतके रंगीबेरंगी दुसरे काही नसते. रंगात पाहिले तर डोळा आधी पिशव्या-वेष्टनांवर जातो, मग किळस येते आणि आपण नजर वळवतो. ओलवे ह्यांच्या कृष्णधवल चौकटीत घाण तशीच असते, पण पुढे येतो तो माणूस. नजर वळवायची सोय उरत नाही.

मग श्रेष्ठ काय? १९८४ साली भोपाळमध्ये पुरल्या जाणाऱ्या मुलाचे छायाचित्र रघु राय ह्यांनी कृष्णधवलात टिपले, पाब्लो बार्थोलोम्यू ह्यांनी रंगात. दोन्ही आजही झोप उडवतात. एक दुसऱ्याला खोटे पाडत नाही.

आम्हांला खरी धास्ती वाटते ती आमच्याच मोहाची. बेलापूरजवळच्या दिवाळे गावात कॅमेरा घेऊन हिंडताना होड्या, जाळी, सुरकुतलेले चेहरे दिसले की हात आपसूक कृष्णधवलाकडे वळतो. चित्र सुंदर येते, पण ते ‘हरवलेल्या’ गावाचे वाटते. गाव तर हरवलेले नाही! १९७० साली सिडको आली, गावोगावच्या जमिनी गेल्या, जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात हुतात्मा झाले. आणि तरीही ही माणसे इथेच आहेत. निळी ताडपत्री, मोबाइलच्या दुकानाची भडक पाटी, मागच्या टॉवरची काच हे सारे त्यांच्या वर्तमानाचे पुरावे. ते पुसणे म्हणजे जित्याजागत्या शेजाऱ्याच्या तसबिरीला हार घालणे.

पूर्वी कृष्णधवल ही अडचण होती. आज डिजिटल कॅमेऱ्यात तो निर्णय आहे, आणि निर्णयाला कारण द्यावे लागते. ते कारण समीक्षकाला नव्हे, चित्रातल्या माणसाला पटले पाहिजे. ‘माझ्या लुगड्याचा रंग कुठे गेला?’ असे कोळणीने विचारले, तर उत्तर तयार हवे. नसेल, तर रंग राहू द्यावा.