कॅसेट भरून मिळेल

भिवंडीत गाणं ऐकायचं म्हणजे आधी मागाशी भांडण. आमच्या चाळीच्या मागच्या भिंतीला लागून चोवीस मागांचा कारखाना होता. फळीवरच्या कपबशा दिवसरात्र बारीक थरथरत असायच्या. मुंबईहून आलेले पाहुणे पहिली रात्र जागून काढायचे. आमचं उलटं होतं: वीज गेली आणि माग थांबले की आम्हाला जाग यायची. बाबा त्याच कारखान्यात दिवाणजी. सुताच्या आणि ताक्यांच्या हिशेबात त्यांचा जन्म गेला. घरात टू-इन-वन आला तेव्हा त्याचा आवाज कायम वरच्या टोकाला असायचा, तरी माग त्याच्यावर मात करायचाच. लताबाईंची कितीतरी गाणी मी धोट्याच्या ठेक्यावर ऐकली आहेत. आजही शांत खोलीत ती ऐकताना ठेका कुठेतरी सुटल्यासारखा वाटतो.

तीन बत्तीजवळ, पानाची टपरी आणि शिंप्याचं दुकान यांच्या फटीत मामूंचं दुकान होतं. मामू म्हणजे आमचे कोणी नव्हेत. सगळ्या गल्लीचे मामू. कोकणी मुसलमान, मराठी आमच्यापेक्षा खणखणीत. दुकानावर मराठीत आणि उर्दूत एकच ओळ रंगवलेली: कॅसेट भरून मिळेल. आमच्या गावाला त्यात काही नवल वाटलं नाही. इथे कांडी भरतात, बीम भरतात, तशी कॅसेटही भरतात. रिकामी कांडी मागाला लावून काय उपयोग?

वहीच्या मागच्या पानावर गाण्यांची यादी लिहून न्यायची. साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं, सहा-सात गाणी. मामू चष्मा कपाळावर सरकवून यादी वाचायचे आणि परीक्षकासारखे खाडाखोड करायचे. ‘मुकेशनंतर लगेच हे नको. माणूस रडता रडता नाचायला लागेल.’ क्रम त्यांचा, पैसे आपले. शेवटी दीड-दोन मिनिटं पट्टी उरली तर ती कोरी सोडायची नाही, असा त्यांचा नेम होता. तिथे सतारीचा एखादा तुकडा, सिनेमाचं सुरुवातीचं संगीत, असलं काहीतरी ते आपल्या पदरचं घालायचे. परवलीची खूणच ती. कोणाच्या घरी कॅसेट संपताना सतार वाजली, की ती मामूंकडची.

या धंद्याला कायद्याच्या भाषेत काय म्हणतात, हे आम्हाला वकीलकाकांनी सांगितलं. ते कोर्टातून परतताना दुकानासमोरच्या बाकावर चहा घ्यायचे. तिसरे मास्तर, शाळेत इतिहास शिकवायचे आणि बाकावर उरलेले सगळे विषय. संध्याकाळी सहा ते आठ या तिघांचं जे चालायचं, त्याला भांडण म्हणावं की मैफल, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी बाटलीतला गोळीसोडा संपवत ऐकत बसायचो.

‘मामू, हा गुन्हा आहे,’ वकीलकाका सुरुवात करायचे. 1957चा कॉपीराइट कायदा 1984 मध्ये कडक झाला होता. कलम 63: कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद, आणि पन्नास हजार ते दोन लाखांपर्यंत दंड. मामू दोन लाखांचा आकडा ऐकून हसायचे. ‘दोन लाखांत माझ्यासकट हे दुकान घ्या, वर टपरी फुकट.’ त्यावर वकीलकाका सांगायचे, की त्याच 1984 च्या जानेवारीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने उलटं म्हटलंय: घरी बसून टीव्हीवरचा कार्यक्रम नंतर पाहण्यासाठी व्हिडिओ यंत्रावर टिपून ठेवणं ही चोरी नव्हे. मामू लगेच म्हणायचे, ‘मग मला अमेरिकेत खटला भरा.’

मामूंचा खरा राग कायद्यावर नव्हता, कायद्यातल्या फटीवर होता. त्याच कायद्याच्या कलम 52 मध्ये एक पोटकलम होतं. मूळ गाणं एकदा रीतसर मुद्रित झालेलं असलं, की नोटीस देऊन आणि ठरलेलं मानधन भरून तेच गाणं दुसऱ्या गळ्यातून नव्याने मुद्रित करता यायचं. दिल्लीच्या दर्यागंजातल्या फळांच्या रसवाल्याचा मुलगा, गुलशन कुमार, या वाटेने गेला आणि त्याच्या टी-सीरिजने स्वस्त कॅसेटचा देशभर पूर आणला. रफी, मुकेश, लता. गाणी त्यांची, गळे नवे. ‘म्हणजे बघा,’ मामू बाकावर थाप मारायचे, ‘रफीसाहेबांचं गाणं दुसऱ्याच्या तोंडून विकलं तर सावकारी, आणि रफीसाहेबांचं रफीसाहेबांच्याच तोंडून दिलं तर चोरी!’ याला वकीलकाकांकडे उत्तर होतं, पण ते कायद्याचं होतं. ते देताना त्यांचाही आवाज जरा पडायचा.

मास्तर मग सालोमालोला घेऊन यायचे. तुकोबांचे अभंग उचलून त्यात स्वतःचं नाव घालणारा हा देहूचा गृहस्थ, आणि त्याच्यावर चिडलेले खुद्द तुकोबा. मास्तरांच्या मते मराठीतला कॉपीराइटचा पहिला तंटा तो हाच, आणि शेवटच्या चरणातली नाममुद्रा हीच आमची मालकीची मोहोर. तेच पुढे वामनदादा कर्डकांचं. सिन्नरजवळच्या देशवंडीच्या या माणसाने भीमगीतांचा डोंगर रचला. ती गाणी गावोगाव ज्याच्या त्याच्या तोंडी गेली. पैसा कुठे गेला कोण जाणे. शेवटच्या कडव्यात ‘वामन’ मात्र जागेवर राहिला. ‘अभंग कोणीही गावा, छापावा, वाटावा,’ मास्तर म्हणायचे, ‘नाव तेवढं खोडायचं नाही.’ मामूंना हे फारच पटायचं. पुढच्या आठवड्यापासून ते कॅसेटच्या कागदावर गाण्यापुढे गीतकाराचंही नाव लिहायला लागले. मोठमोठ्या कंपन्यांच्या वेष्टनावर तेव्हा गीतकाराला शोधावं लागायचं, हे लक्षात घ्या.

मास्तरांचा दुसरा आवडता विषय रेडिओ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, मराठी माणूस, 1952 मध्ये नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हटली. लोकांनी सुई रेडिओ सिलोनकडे फिरवली. 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती सुरू करून सरकारने गाणी परत आणली. मग आणीबाणी, आणि किशोर कुमार सरकारी कार्यक्रमाला नाही म्हणाले म्हणून आकाशवाणीवर त्यांच्या गाण्यांना बंदी. ‘रेडिओचं बटण दिल्लीत असतं,’ मास्तर म्हणायचे. ‘कॅसेटचं आपल्या हातात.’

हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. पुढे त्याची दुसरी बाजूही पाहिली.

मे 1984 मध्ये भिवंडीत दंगल उसळली तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. दंगलीबद्दल मी इथे फार लिहिणार नाही. ज्यांनी भोगलं त्यांनी ते लिहावं. मला आठवते ती शांतता. संचारबंदीत माग बंद पडले. फळीवरच्या कपबशा थरथरायच्या थांबल्या आणि आई त्यांच्याकडे बघत बसली. चार घरं पलीकडचा रेडिओ आयुष्यात पहिल्यांदा स्पष्ट ऐकू आला, आणि त्यावर कसलं तरी प्रसन्न गाणं लागलं होतं. गाणं नकोसं वाटल्याची माझी ती एकच आठवण. 1970 च्या दंगलीनंतर हिंदी लेखक भीष्म साहनी आमच्या गावात फिरून गेले होते. इथल्या गल्ल्यांत त्यांना आपली रावळपिंडी दिसली आणि पुढे फाळणीवरची ‘तमस’ ही कादंबरी लिहून झाली. 1988 मध्ये दूरदर्शनवर तिची मालिका लागली, तिच्यावरचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा मामूंच्या बाकावर तीन आठवडे दुसरा विषय नव्हता.

नव्वदच्या आसपास गाण्यांखेरीज दुसऱ्या कॅसेट देशभर फिरू लागल्या. भाषणांच्या. माथी भडकवणाऱ्या. एका संध्याकाळी दोन तरुण असली एक कॅसेट घेऊन मामूंकडे आले आणि पन्नास प्रती भरून मागितल्या. कोणत्या बाजूचे होते ते सांगत नाही. दोन्ही बाजूंचा माल एकाच जातीचा होता. मामूंनी ती यंत्रात घातली, मिनिटभर ऐकली, बाहेर काढली आणि म्हणाले, ‘हे मी भरत नाही. कॉपीराइटचा लफडा आहे.’

वकीलकाका चहा सांडेपर्यंत हसले. उभ्या आयुष्यात मामूंनी कायद्याचा आधार घेतला तो एवढ्याच वेळी. गंमत अशी, की या भाषणांवर मालकी सांगायला कोणी कोर्टात जाणार नव्हतं. तो माल फुकट पसरावा हीच मालकाची इच्छा. त्या सुमाराला पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी भिवंडीत मोहल्ला समित्या बांधल्या होत्या; मागवाले, मास्तर, मौलवी, दुकानदार एका सतरंजीवर. डिसेंबर 1992 नंतर मुंबई पेटली आणि भिवंडी शांत राहिली, ती याच समित्यांमुळे असं आमचं गाव आजही मानतं. मामू आणि मास्तर एकाच समितीत होते. तिथेही म्हणे बैठक संपेपर्यंत वाद रफी की किशोर यावर घसरायचा.

आता माझ्या कॅसेटविषयी. आईचं माहेर काल्हेर, आगरी. आज त्या रस्त्याला गोदामांखेरीज काही दिसत नाही, पण तेव्हा दोन्ही अंगांना भातशेती होती. आजी धवलारीण. आगरी लग्नात हळदीपासून ती बसायची आणि एकेका विधीचा धवला म्हणायची. मानधन म्हणजे शिधा, लुगडं आणि थोडे रुपये. तेराव्या शतकात महदंबेने रिद्धपूरला जे धवळे रचले त्यांचं हे दूरचं गोत्र, असं मास्तर सांगायचे. आजीला महदंबा ठाऊक नव्हती. ही गाणी कोणाची, असं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, ‘गाना कोनाचा रं? जो बोलंल त्याचा.’

1991 च्या उन्हाळ्यात धाकट्या मावशीच्या हळदीला मी मामूंचा रेकॉर्डर मागून नेला. कोरी कॅसेट आणायला विसरलो. घरात रफींच्या गाण्यांची दुसऱ्या गळ्यातली एक कॅसेट पडली होती; तिच्या वरच्या कडेची मोडलेली दोन भोकं कागदाच्या बोळ्याने बुजवली आणि तिच्यावरच आजीला भरलं. शेजारच्या मांडवात लाऊडस्पीकर सुरू होता. त्या वर्षी प्रत्येक लग्नात वाजणारं एक हिंदी गाणं आजीच्या मागे शिरलं आहे. तेव्हा मला त्याचा फार राग आला होता. दोन वर्षांनी आजी गेली.

पुढचं सगळं भराभर झालं. 1999 मध्ये अमेरिकेत इंटरनेटवरून गाणी वाटणारं नॅपस्टर आलं, 2001 मध्ये कोर्टाच्या तडाख्याने बंद पडलं, आणि तोवर मामूंचा मुलगा एका सीडीत दीडशे गाणी भरून देऊ लागला होता. मामूंना त्याने एमपीथ्रीचं गुपित समजावलं: मोठ्या आवाजाखाली जो बारीक आवाज कानाला ऐकूच येत नाही तो काढून टाकायचा, म्हणजे गाणं लहान होतं. मामू म्हणाले, ‘हे तर आपले माग कधीपासून करतायत.’ मग मेमरी कार्ड आलं. यादी संपली, ‘दोन जीबी जुनी टाका’ एवढंच गिऱ्हाईक सांगायचं. 2012 मध्ये कायदा पुन्हा बदलला, जावेद अख्तर राज्यसभेत भांडले आणि गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का झाला. मामूंनी ती बातमी कापून भिंतीला चिकटवली. 2016 मध्ये जिओ आलं आणि भरून द्यायला काही उरलं नाही. त्या फटीत आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

दोन वर्षांपूर्वी मी आजीची कॅसेट संगणकात उतरवून एका मोठ्या व्हिडिओ संकेतस्थळावर चढवली. कोणी हरकत घेतली नाही. हरकत घेतली ती मावशीने. ‘आई आशी बोलत नव्हती. ही कोन घाईवाली?’ मी कॅसेट आणि माझा जुना प्लेअर घेऊन मामूंकडे गेलो. मामू आता ऐंशीच्या पुढे. घरीच असतात, ऐकू कमी येतं. त्यांनी प्लेअरच्या पाठीला हात लावला, डोळे मिटले. ‘मोटार पळतेय.’ नातवाकडून बारीक पेचकस मागवला, मोटारीच्या पाठच्या भोकातला स्क्रू केसभर फिरवला, ऐकलं, पुन्हा केसभर. आजीचा आवाज हळूहळू खाली आला, रुंद झाला, आणि एका क्षणी ती खोलीत येऊन बसली. मामू तिला लग्नात एकदाच भेटले होते. स्क्रू सोडून त्यांनी टोपी सारखी केली.

नीट झालेली प्रत मी रात्री पुन्हा चढवली. सकाळी उठतो तर संदेश: आपल्या चित्रफितीत एका कंपनीच्या मालकीचं संगीत आढळलं आहे. यंत्राने आजीला ओळखलं नव्हतं. तिच्या मागचं, शेजारच्या मांडवातलं गाणं ओळखलं होतं. वकीलकाकांना फोन लावला. त्यांना तर तरुणपण परत मिळाल्यासारखं झालं. लग्नात वाजवलेल्या संगीताला 1994 च्या दुरुस्तीने कायद्यात सूट आहे, म्हणाले. पण ती मांडवापुरती, तू चढवलंस ते वेगळं. पण मागे ओझरतं वाजणं हेही वेगळं. थांब, कलम काढतो. अजून काढतायत.

मग मामूंना कळवलं. फोनवर दोनदा ओरडून सांगावं लागलं: आधीची प्रत चालली, कालची धरली, त्या गाण्यावरून. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग ते खुदकन हसले.

‘म्हणजे वेग बरोबर लागला.’