गाळलेली एक ओळ

गुप्त किल्ली वापरून झाली की मेमरीतून पुसून टाकायची, हा आमच्या कामातला नियम. सी भाषेत त्यासाठी फंक्शनच्या शेवटी, ती जागा शून्यांनी भरणारी मेमसेटची ओळ लिहितात. ऑप्टिमायझेशन चालू करून आलेला असेंब्ली कोड मी वाचत होते, तर ती ओळ त्यात नव्हतीच. कंपायलरचा हिशेब सरळ होता: भरलेली शून्यं पुढे कुणी वाचत नाही, मग भरायची कशाला? उत्तर तेच येत होतं. किल्ली मात्र स्टॅकवर तशीच पडून होती.

मग मी कॉम्पसर्टच्या मागे लागले. झाविए लरुआ आणि सहकाऱ्यांनी फ्रान्सच्या इन्रिया संस्थेत घडवलेला हा सी कंपायलर. मूळ प्रोग्रॅमचं वर्तन तो बदलत नाही, हे कॉक या सिद्धता तपासणाऱ्या प्रणालीत सिद्ध केलेलं आहे. 2011 साली युटा विद्यापीठाच्या सीस्मिथ या कंपायलर तपासणाऱ्या साधनाने निरनिराळ्या कंपायलरांत 325हून जास्त चुका शोधल्या. कॉम्पसर्टच्या सिद्ध केलेल्या भागात चुकीचा कोड देणारी एकही सापडली नाही.

ही ताकद हाताने अनुभवायची म्हणून मी बेरीज, चलं आणि लूप एवढ्याच भाषेचा कंपायलर कॉकमध्ये लिहायला घेतला. भाषांतर बरोबर असल्याचं सिद्ध करताना सुरुवातीला स्टॅक रिकामा धरला की इंडक्शन जागचं हलत नाही. स्टॅकवर आधीपासून काहीही असो, असं विधान मांडलं की झरझर सुटतं. पुढे निरुपयोगी लेखन गाळणारी पायरी जोडली. तिचीही सिद्धता कॉकने बिनतक्रार मान्य केली. तेव्हा मला कळलं की माझ्या प्रमेयातल्या 'वर्तना'त फक्त इनपुट-आउटपुट होतं. स्टॅक चाचपणारा हल्लेखोर त्यात कुठेच नव्हता.

मार्टिन अबादी यांनी 1990च्या दशकातच हल्लेखोराला प्रोग्रॅमभोवतीचा कोड मानून प्रश्न मांडला होता: मूळ भाषेत त्याला जे दोन प्रोग्रॅम वेगळे ओळखता येत नाहीत, ते भाषांतरानंतर ओळखता येतील का? त्या वाटेने मी फंक्शन संपताना उरलेला स्टॅकही वर्तनात मोजला. सिद्धता नेमकी ओळ गाळण्याच्या पायरीवर अडली. मला विलक्षण आनंद झाला. गुप्त म्हणून खूण केलेल्या जागेतलं लेखन गाळायचं नाही, ही अट घातल्यावर सिद्धता पूर्ण झाली. सी23मधलं मेमसेट_एक्स्प्लिसिट हेच वचन देतं.

पण रजिस्टर अपुरे पडले की कंपायलर किल्लीची प्रत स्वतःहून स्टॅकवर उतरवतो. त्या जागेला मूळ प्रोग्रॅममध्ये नावच नसतं, त्यामुळे ती पुसा असं तिथे लिहिताही येत नाही. ती जबाबदारी कंपायलरनेच घ्यायला हवी, आणि सध्या मी त्याच पायरीचं विधान मांडते आहे.