काटा आणि काडी

माझ्या मेहुण्याकडं एक जुनी गाडी आहे. तिला नुसती गाडी म्हणणं हा तिचा थोडा अपमानच होईल, कारण वर्षातले चार महिने ती घर असते. भाऊबीज आटोपली, की आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडं गावोगाव मंडई भरू लागते आणि मंडई म्हटली, की रात्रीचं नाटक आलंच. वडशाकडच्या नाटकमंडळ्या तेव्हापासून होळीपर्यंत सारी झाडीपट्टी पालथी घालतात. मेहुणा अशाच एका लहानशा मंडळीचा व्यवस्थापक. 2023 साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या रंगभूमीचं नाव दूरच्या शहरांतही पोचलं. पण या रंगभूमीचा संसार ज्या चाकांवर चालतो, त्यांची वास्तपुस्त कोण घेणार?

गाडीचं वय चाळिशीच्या पुढं, म्हणजे जवळजवळ माझ्याच बरोबरीचं. आतली बाकं काढून फळ्यांच्या दोन मजली खाटा केल्या आहेत. एका कोपऱ्यात शेगडी, दुसऱ्यात आरसा, आणि मधे राजमुकुटांची ट्रंक. खलनायक तिथंच दाढी करतो आणि नायिका तिथंच वांगी चिरते.

या गाडीचा डिझेलचा काटा कैक वर्षं रिकाम्या खुणेवर आडवा पडलेला होता. त्यावर मंडळींचा उपाय साधा होता. बांबूची एक कमची टाकीत घालायची, आणि ती जिथवर ओली होईल तेवढं डिझेल. कमचीवर चाकूनं पाडलेल्या खाचा होत्या. त्या काडीनं कधी कुणाला दगा दिला नव्हता.

दोन वर्षांमागं, हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात, चमत्कार झाला. टाकी भरून घेतली आणि निजलेला काटा एकदम उठून भरल्या खुणेवर जाऊन बसला! ड्रायव्हरनं काट्याला उदबत्ती ओवाळली. काडीची गरजच उरली नाही, म्हणून कुणीतरी ती पडद्याच्या नाड्यात घातली. तीन दिवस गाडी धावली तरी काटा तसूभर हलला नाही, तेव्हा "म्हातारी आता ॲव्हरेज चांगलं देऊ लागली," असा निष्कर्ष निघाला. दिवाळीची सुट्टी म्हणून मीही सोबत होतो आणि त्या निष्कर्षाला मीसुद्धा मान डोलावली होती.

चौथ्या रात्री कोहमाऱ्याहून नवेगावबांधाकडं जाताना, ऐन जंगलात, गाडी दोन आचके देऊन थांबली. काटा मात्र तिथंच, भरल्या खुणेवर, समाधानी चेहऱ्यानं बसलेला.

डिझेल आणायला मंडळीतला एक पोरगा निघाला. दिवे लावण्याचं काम करणारा, सतरा-अठरा वर्षांचा, आणि माझाच जुना विद्यार्थी. मेहुण्यानं सांगितलं, "पुढं फाटा आहे, पाटी आहे, पाटी वाचून उजवं-डावं ठरव. त्या गावात ट्रॅक्टरवाले पाटील आहेत." पोरगा "हो" म्हणून कॅन घेऊन अंधारात गेला. तासाभरात यायला हवा होता, तो अडीच तासांनी आला. बाकीच्यांनी त्याला शिव्या घातल्या. मग सगळे गाडीभोवती जमले. डिझेल गाडीची टाकी कोरडी पडली, की नळीत हवा शिरते. ती हातपंपानं काढल्याशिवाय नुसतं डिझेल ओतून भागत नाही. त्या गडबडीत पोरगा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "पाटी होती, गुर्जी. पन मले वाचता नाई आली. आंधी दुसऱ्याच गावाले गेलो."

पाचवी ते आठवी, चार वर्षं, हा मुलगा माझ्या वर्गात बसला होता. "समजलं का?" असं मी रोज विचारत होतो आणि सगळ्या वर्गाबरोबर तोही रोज "हो" म्हणत होता. माझा काटा भरल्या खुणेवर होता.

नाटक त्या रात्री एक वाजता उभं राहिलं. एकही प्रेक्षक उठून गेला नव्हता. आमच्याकडं नाटक उजाडेपर्यंत पाहायचं असतं. मला मात्र त्यातलं काही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी एक म्हातारे मिस्त्री आले. मला वाटत होतं, ते काटाच बदलतील. त्यांनी काट्याकडं पाहिलंदेखील नाही. ते थेट गाडीखाली सरपटले. टाकीत एक तरंगा असतो. डिझेलबरोबर तो वरखाली होतो, तसा विजेच्या वाटेतला रोध कमीजास्त होतो आणि काटा त्याप्रमाणं हलतो. आमच्या गाडीत तार सुटली, तर काटा रिकाम्यावर पडतो, आणि तारेचा उघडा भाग गाडीच्या लोखंडाला टेकला, तर तो भरल्यावर जातो. टाकीकडं जाणारी तार एका पट्टीवर घासून सोलली होती. मिस्त्रींनी तिला टेप गुंडाळला, किल्ली फिरवायला सांगितली, आणि काटा पुन्हा धाडकन रिकाम्यावर!

"आता?" मी विचारलं.

"आता खरा रोग दिसला," ते म्हणाले.

त्यांनी तरंग्यावरची तार सोडवून क्षणभर लोखंडाला टेकवली. काटा भरल्यावर गेला, म्हणजे काटा आणि तार निर्दोष. मग दोष कुठं? टाकीच्या माथ्यावर गंज चढला होता आणि विजेला चेसिसकडं परतायची वाट नव्हती. कारागिरांच्या भाषेत, अर्थ मिळत नव्हता. पॉलिश पेपरनं त्यांनी गंज खरवडला, चेसिसपर्यंत एक वेगळी तार ओढली. काटा सावकाश उठला आणि पाव टाकीवर थांबला. खरोखर तेवढंच डिझेल होतं.

म्हणजे काटा सुधारला नव्हताच. जुन्या बिघाडावर नवा बिघाड चढला होता आणि आम्ही त्याची आरती केली होती.

"काटा खोटा नाई बोलत, गुर्जी," मिस्त्री हात पुसत म्हणाले. "टाकीत का आहे, ते त्याले कुठं मालूम? तारेतून जे येते तेवढंच तो सांगते. काडी फेकू नोका."

रिकाम्यावर पडलेल्या काट्यानं आम्हांला इतकी वर्षं कधी जंगलात अडकवलं नाही, कारण त्याच्यावर कुणाचा विश्वासच नव्हता. अडकवलं ते भरलेल्या काट्यानं. "नाही समजलं" म्हणणाऱ्या मुलाला मी चारदा समजावून दिलं. "हो" म्हणणाऱ्याला पुढच्या वर्गात ढकललं. अन् तो "हो" माझ्या धाकातून उमटत होता की समजुतीतून, हे पाहायला मी कधी खाली वाकलो नाही. आता वर्गात मी "समजलं का?" विचारत नाही. एकेकाला उभं करून एकेक ओळ वाचायला लावतो. वेळ फार जातो. पोर्शन मागं पडतो.

गाडीत काडी पुन्हा आली आहे, काट्याशेजारी टांगलेली. त्या पोराला मी बाराखडीचं पुस्तक दिलं होतं. गेल्या हंगामात भेटला, तेव्हा म्हणाला, "वाचतो गुर्जी आता, सारं वाचता येते." ऐकून बरं वाटलं. पण यंदा मंडईला गाडी आमच्या गावाला येईल, तेव्हा मी त्याला घेऊन फाट्यावरच्या पाटीपर्यंत चालत जाणार आहे.