पुठ्ठ्याचे स्थानक

लहान आगगाडीचा छंद मुलांचा, अशी पुष्कळांची समजूत असते. एंजिन व डबे बाजारात तयार मिळतात, हे खरे. परंतु ती गाडी आपल्याच गावच्या स्थानकात थांबावी असे वाटले, तर ते स्थानक विकत मिळत नाही. ते स्वतःच्या हातांनी बांधावे लागते, आणि तेथे खेळ संपून अभ्यास सुरू होतो.

आमच्या घरी गेले वर्षभर असे एक स्थानक उभे राहत आहे. बार्शी लाइट रेल्वेचा पहिला टप्पा १८९७ साली सुरू झाला. १९०६ साली ती पंढरपुरास व १९२७ साली मिरजेस पोहोचली. तिच्या रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट. चालू शतकाच्या आरंभी हा मार्ग रुंद करण्यात आला, आणि त्यावरील आमचे लहानसे स्थानक नाहीसे झाले. मागे उरले एक छायाचित्र. त्यात तिकिटाच्या खिडकीशी, भिंतीला पाठ टेकून, आमचे कैलासवासी काका उभे आहेत.

आम्ही १:८७ हे प्रमाण धरले. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. ८७ने भागता पावणेनऊच्या जवळपास येतात. त्यामुळे बाजारातील ९ मिलिमीटरचे रूळ येथे चालून जातात. इमारतीची मापे मात्र कोणाजवळच नव्हती. तेव्हा काकाच आमची मोजपट्टी झाले. माजघराच्या चौकटीवर त्यांच्या उंचीची पेन्सिलीची खूण अद्याप आहे : ५ फूट ६ इंच. छायाचित्रात दरवाजा त्यांच्या सव्वापट भरतो, म्हणजे ६ फूट साडेदहा इंच. प्रतिकृतीत २४ मिलिमीटर. काका भिंतीला टेकलेले म्हणूनच हा हिशेब खरा. चार पावले पुढे असते, तर तेच मोठे दिसून सारी इमारत ठेंगणी झाली असती.

छायाचित्रातून खोली कळत नाही. ती आत्याबाईंनी सांगितली : “आतल्या आडव्या भिंतीला या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत बाक होता. आम्ही सहाजणी दाटीवाटीनं बसत असू.” माणशी दीड फूट धरून नऊ फूट झाले.

काम पुठ्ठ्याचे. बोथट सुईने विटांच्या रेघा ओढावयाच्या; कापलेली प्रत्येक कड रंगवावयाची, नाही तर कोपऱ्यावरची पांढरी रेघ सारा भ्रम मोडते. रंगात थोडी राखाडी छटा मिसळावी लागते, कारण लांबून पाहिलेल्या इमारतीचा रंग फिकाच दिसतो.

दरवाजाच्या रंगावरून मात्र घरात दोन पक्ष पडले. दादा म्हणतात हिरवा, आत्याबाई म्हणतात तांबडा. “कोण तपासावयास येणार आहे? द्या कोणताही,” असे एका स्नेह्यांनी सुचविले. आम्हांस ते पटले नाही. ताडून पाहावयास मूळ उरलेले नाही, म्हणूनच मनचे काही घालण्याचा अधिकार आपणांस नाही. दरवाजा तूर्त पुठ्ठ्याच्याच रंगाचा आहे.

राहता राहिली काकांची एकोणीस मिलिमीटरची आकृती. छायाचित्राप्रमाणे ती खिडकीशी उभी करावयाची होती. आत्याबाई म्हणाल्या, “त्याला बसवा रे बाकावर. फार वर्षं उभा आहे तो.”

येथे आम्ही आमचा नियम मोडला. काका आता बाकावर बसले आहेत.