रिटायर? काहून बाप्पा!

नागपूरला घरी गेलो की आपला फंडा ठरलेला. सकाळी तर्री पोहे, दुपारी मस्त झोप, संध्याकाळी फुटाळा. हिंजवडीत दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्या माणसाला आणखी काय हवं? पण गेल्या श्रावणात गेलो आणि प्लॅनच फिसकटला. गप्पा मारायला बाबाच घरी नव्हते! वय वर्षं ६४, डबा घेऊन कामावर.

‘‘सांगितलं होतं ना त्यांनी तुला, गांधीबागेत बसतात थोडा वेळ,’’ आई म्हणाली. सांगितलं होतं खरं. मीच ते टाइमपास समजून सोडून दिलं होतं. हा ‘थोडा वेळ’ म्हणजे कापडाच्या ठोक दुकानात अकरा ते पाच हिशेब लिहायचं काम, आठवड्यातून सहा दिवस. जाम लाज वाटली. मुलगा आयटीत आणि बाप दुकानात? ठरवलं, उद्याच जायचं आणि बाबांना घरी घेऊन यायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी अंबाझरी तलावाकडे चक्कर मारली. तिथे ‘सीनियर’ मंडळी फुल फॉर्मात. पांढरे बूट, खणखणीत हसणं, नातवाच्या व्हिसाची चर्चा. रिटायर होणं म्हणजे हेच, बाबांनीही इथेच असायला हवं, असं मनाशी म्हणत सुभाषनगर स्टेशनवरून मेट्रो पकडली. ही अॅक्वा लाइन लोकमान्यनगर ते प्रजापतीनगर अशी डिसेंबर २०२२ मध्ये पूर्ण सुरू झाली. पश्चिमेच्या बंगल्यांपासून पूर्वेच्या जुन्या बाजारांपर्यंत अख्खं शहर खिडकीतून दिसतं.

वेळ होता म्हणून मधेच कॉटन मार्केटला उतरलो. जवळच एम्प्रेस सिटी. आपण इथे मॉल म्हणून येतो. पण ही जागा एम्प्रेस मिलची. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ला ती सुरू केली, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी. म्हणून नाव ‘एम्प्रेस’. आणि याच मिलमध्ये १८८६ साली कामगारांसाठी पेन्शन फंड सुरू झाला. म्हातारपणी हात थांबले तरी चूल थांबू नये, हा विचार या शहरात इतका जुना आहे!

तिथून थोडं पुढे एका एटीएमबाहेर वॉचमन काका बसले होते. बाबांपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे असतील. पाणी कुठे मिळेल, असं विचारलं, तर स्वतःचीच बाटली पुढे केली. मग गप्पा सुरू. कारखान्यात उमर गेली, पेन्शन हजाराच्या थोडी वर, ड्युटी बारा तासांची. ‘‘सुट्टी असते का काका?’’ ‘‘घेतली तर त्या दिवसाचा पैसा गेला न बाबू.’’ हे म्हणताना ते हसत होते. मला काही हसता आलं नाही.

ही पेन्शन म्हणजे १९९५ची ईपीएस. सप्टेंबर २०१४ मध्ये तिची किमान रक्कम ठरली महिना १,००० रुपये. पेन्शनरांच्या संघटनेची मागणी ७,५००ची. त्याच सप्टेंबरपासून या स्कीममध्ये पगाराची मर्यादा धरली १५,०००. म्हणजे पॅकेज कितीही मोठं असो, या मर्यादेनुसार पेन्शनच्या खात्यात कंपनीकडून साधारणपणे महिना १,२५०च्या वर जाणार नाही. आपलं पॅकेज आठवून बघा आणि मग हा आकडा. झोप उडते की नाही?

पुन्हा मेट्रो, आणि चितार ओळ. गणपती जवळ आलेले, सगळीकडे मातीचा वास. एक आजोबा बाप्पाचे डोळे रंगवत होते. हात थोडा थरथरत होता, पण ब्रश टेकला की एकदम स्थिर! त्यांना रिटायरमेंटबद्दल विचारायची हिंमतच झाली नाही.

गांधीबागेत पोचलो तेव्हा बाबा गादीवर बसून वहीत आकडे मांडत होते. दुकानातली पोरं त्यांना ‘सर’ म्हणत होती. मी भाषण सुरू केलं, ‘‘बाबा, उद्यापासून हे बंद.’’

‘‘काहून? घरी बसलो की तुझ्या आईचा पारा अन् माझा बीपी, दोन्ही चढतात.’’

‘‘आणि पैशांचं काय? खरं सांगा.’’

बाबा थोडे थांबले. ‘‘पेन्शन साडेतीन हजारही नाही. औषधं अन् लाइट बिलातच निपटते.’’

‘‘मग मला का नाही सांगितलं?’’

‘‘तू पैसे पाठवशील अन् मग म्हणशील, आता घरी बसा. तेच तर नको होतं.’’

मग म्हणाले, ‘‘शेटला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. गठ्ठे उचलणार नाही, पाचच्या नंतर बसणार नाही, अन् तुझ्या आईचा दवाखाना असला की सुट्टी. पटत असन तर ठेवा.’’

एटीएमवाले काका आठवले. त्यांना यातलं एकही वाक्य बोलता आलं नसतं. दोघंही साठीपुढचे, दोघंही कामावर. एकाच्या तोंडात ‘नाही’ होतं, दुसऱ्याच्या नव्हतं. अन् मी? मी तर बाबांना न विचारताच त्यांच्यासाठी ‘आराम’ ठरवून आलो होतो.

आता दर महिन्याला पैसे पाठवतो. नोकरी सोडा म्हणून नाही, मनात येईल त्या दिवशी सोडता यावी म्हणून. बाबांनी ही अट मान्य केली आणि लगेच मला दुकानाबाहेर काढलं, ‘‘निघ तू आता, गिऱ्हाईक येऊन राहिले.’’

जाणार असाल तर...
अंबाझरीसाठी सुभाषनगर, एम्प्रेससाठी कॉटन मार्केट, मूर्तिकारांसाठी चितार ओळ, सगळं अॅक्वा लाइनवर. चितार ओळीत गणपतीच्या आधी जा. आणि मेट्रोत बसल्या बसल्या पीएफचं पासबुक उघडा. पेन्शनचा कॉलम एकदा बघाच.